लहान मुलांना घरच्या घरी अक्षरं आणि आकडे शिकवताना: आधी कान आणि हात, कागद नंतर

तीन-साडेतीन वर्षांचं मूल एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवतं आणि घरात सगळे खूश होतात. आता त्याच मुलाला म्हणा, मला पाच चमचे दे. बरीच मुलं मूठभर चमचे उचलून तुमच्या हातात ठेवतात आणि खेळायला पळतात. यात मुलाचं काही चुकत नाही, ते मागेही पडलेलं नाही, त्याला आकड्यांची नावं ओळीने पाठ झालीयेत पण पाच म्हणजे नेमके किती हे अजून कळायचंय, आणि ह्या दोन गोष्टींमध्ये बऱ्याच महिन्यांचं अंतर असू शकतं. अक्षरांचंही तसंच. "क कमळाचा" म्हणणाऱ्या मुलाला विचारा, कागद कुठल्या आवाजाने सुरू होतो, तर ते नुसतं बघत बसतं, कारण त्याच्यासाठी क हा कमळाच्या चित्राशेजारी छापलेला एक आकार आहे, तो आवाज आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून घरी शिकवायचं म्हटलं की माझा एकच आग्रह असतो, आधी कान आणि हात, मग डोळे, आणि कागद-पेन्सिल सगळ्यात शेवटी. आवाज कानाला नीट ऐकू यायला लागला की अक्षर पटकन बसतं, संख्या हाताला कळली की आकडा पटकन बसतो. खाली जे लिहितेय ते साधारण अडीच ते साडेपाच वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यासाठी विकत काहीही आणायला लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीत पानं, बिया, दगड, शिंपले हेच शिकवायचं साहित्य म्हणून वापरलं, तेव्हा घरात किट नाही, फ्लॅशकार्ड नाहीत म्हणून काही अडत नाही.

आवाजांचे खेळ

सगळ्यात सोपा खेळ म्हणजे डोळे मिटून आवाज ओळखायचा. किल्ल्या वाजवा, नळ सोडा, कागद फाडा, दार ढकला, मुलाने सांगायचं काय वाजलं. दोन आवाज एकामागे एक करा आणि विचारा आधी कुठला आला. हे बघायला फारच साधं वाटतं पण लक्ष देऊन ऐकणं आणि क्रम लक्षात ठेवणं ही वाचनाची पहिली तयारी इथेच होते.

मग शब्दांचे तुकडे पाडायचे. टाळी वाजवत, नाहीतर उडी मारत. चा-क, दोन उड्या. का-ग-द, तीन उड्या. घरातल्या सगळ्यांची नावं अशी उड्या मारून म्हणा, कुणाचं नाव सगळ्यात लांब ते शोधा, मुलांना ह्यात भयंकर मजा येते. मराठीत ह्या खेळाचा फायदा जास्तच होतो कारण आपली लिपीच अशा तुकड्यांवर चालते, म्हणजे "मासा" मध्ये मुलाला मा आणि सा असे दोन तुकडे ऐकू आले की पुढे ते लिहिलेलं दिसतंही तसंच दोन तुकड्यांत. जोडाक्षरांचे शब्द सध्या बाजूला ठेवा.

यमकं हा पुढचा टप्पा. पान, कान, रान, छान. तुम्ही दोन शब्द म्हणा, तिसरा मुलाने जोडायचा, आणि त्याने अर्थ नसलेला शब्द जोडला, "झान" म्हणाला, तरी तो बरोबरच धरायचा कारण इथे आपण अर्थ बघत नाहीयोत, कान तयार करतोय. असे बिनअर्थाचे शब्द तर मुद्दाम करावेत. बडबडगीतं म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा, मूल तो स्वतः भरतं.

आणि मग खरा महत्त्वाचा, पहिल्या आवाजाचा खेळ. "मला ह्या खोलीत एक वस्तू दिसतेय, तिचा पहिला आवाज पं... पं..." आणि मूल पंखा शोधतं. सुरुवातीला दोनच वस्तू समोर ठेवा, म्हणजे चमचा आणि टोपी, आणि विचारा "टो" कशात आहे. जमायला लागलं की अख्खी खोली मोकळी करा. एक काळजी घ्या, आवाज आवाजासारखाच म्हणा, "क कमळाचा" असं म्हणून तो एकाच चित्राला बांधू नका, आज क म्हणजे कपाट, उद्या कप, परवा कणीस, असं बदलतं राहिलं की मुलाला कळतं की क हा सगळ्यांचाच आहे. साडेचार-पाचच्या पुढची मुलं शेवटचा आवाजही पकडतात, मग भेंड्यांसारखा खेळ सुरू करता येतो, पान, मग न वरून नळ, मग ळ वर अडलं की पुन्हा नवा शब्द घ्यायचा.

हे सगळं करायला वेगळी वेळ काढायची गरज नाही. अंघोळ घालताना, कपडे घड्या करताना, रांगेत उभं असताना. मला विचाराल तर ह्या वयात अक्षरओळखीपेक्षा ह्या खेळांना जास्त वेळ द्यावा, निदान साडेतीन-चार वर्षांपर्यंत तरी.

गोष्ट वाचून दाखवताना

पुस्तक वाचून दाखवणं सगळेच सांगतात, कसं वाचायचं ते मात्र कमी सांगितलं जातं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक पद्धत मांडली, तिचा गाभा असा की मोठ्याने वाचायचं आणि मुलाने ऐकायचं असं न ठेवता हळूहळू मुलाला गोष्ट सांगणारा करायचं आणि आपण ऐकणारे व्हायचं. म्हणजे काय करायचं? पान उलटलं की थांबा. चित्राकडे बोट करून विचारा "इथे काय चाललंय?" मूल म्हणालं "कुत्रा". तुम्ही म्हणा "हो, मोठा काळा कुत्रा चिखलात लोळतोय." मूल त्यातलं काहीतरी परत म्हणतं, चिखल, लोळतोय. झालं, एका पानावर दोन नवे शब्द मिळाले आणि कुणी शिकवल्यासारखं वाटलंही नाही.

हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न कमी विचारा. "हा कुत्रा आहे ना?" ह्याला मूल मान हलवतं आणि तिथेच संपतं. "तो का पळाला असेल?" "तू असतास तर काय केलं असतंस?" "असं आपल्याकडे कधी झालं होतं?" हे प्रश्न चांगले. पण प्रत्येक पानावर प्रश्नांचा मारा पण नको हं, गोष्टीची गंमत जाते, पहिल्यांदा गोष्ट सलग वाचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला गप्पा मारा. आणि दुसरं-तिसरं वाचन होणारच, कारण मुलांना तेच पुस्तक पुन्हा पुन्हा हवं असतं, आपल्याला कंटाळा येतो पण त्यांना पुढे काय येणार हे आधी माहीत असण्यातच आनंद असतो आणि शब्द पक्के होतात ते त्यामुळेच.

वाचताना अधूनमधून ओळीखालून बोट फिरवा. आपल्याला हे उघड वाटतं पण गोष्ट चित्रातून येत नाही, त्या काळ्या खुणांमधून येते, त्या डावीकडून उजवीकडे वाचायच्या, ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं, हे काहीही मुलाला जन्मतः ठाऊक नसतं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी लहान मुलांच्या वाचनावर आयुष्यभर काम केलं आणि मूल पुस्तक कसं धरतं, कुठून सुरुवात करतं ह्या गोष्टी तपासायची पद्धतच तयार केली, इतक्या त्या महत्त्वाच्या आहेत. तुम्ही मुद्दाम पुस्तक उलटं धरून वाचायला सुरुवात करा, मूल हसून सुलटं करतं की नाही बघा. मूल एकटं बसून पाठ झालेली गोष्ट "वाचत" असेल तर त्याला टोकू नका, "तुला कुठे वाचता येतं" असं तर अजिबात म्हणू नका, ते वाचनच आहे, पहिल्या पायरीचं.

पुस्तकं कमी असतील तर घरीच करा. चार कोरे कागद दुमडून शिवायचे, त्यात मुलाचे, घरच्यांचे फोटो किंवा त्याने काढलेली चित्रं चिकटवायची, आणि खाली मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहायचं. "हा माझा बॉल आहे. तो गेला." आपण बोललो ते लिहिलं गेलं आणि लिहिलेलं परत वाचता येतं, हे मुलाला त्या क्षणी जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशानेच कळत नाही.

अक्षरं कुठून सुरू करायची

स्वतःच्या नावापासून. अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने जायचा नियम शाळेच्या तक्त्याचा आहे, तो घरी पाळायची काही गरज नाही. मुलाचं नाव एका जाड कागदावर मोठं लिहा, खोलीच्या दाराला, खेळण्यांच्या डब्याला, पाण्याच्या बाटलीला लावा. आठ-पंधरा दिवसांत मूल ते ओळखायला लागतं, मग त्यातलं पहिलं अक्षर वेगळं काढा आणि ते पेपरात, खोक्यांवर, पाट्यांवर शोधायचा खेळ करा, सापडलं की त्याभोवती रंगाने गोल. मग आई, बाबा, आजी, मित्र-मैत्रिणी यांच्या नावातली अक्षरं. ह्या सगळ्या अक्षरांशी मुलाचं काहीतरी नातं असतं म्हणून ती लक्षात राहतात.

त्यानंतर जी अक्षरं वारंवार येतात आणि ज्यांच्यापासून लगेच शब्द करता येतात ती घ्या. न, म, र, क, ल, स, त, प एवढी आली की कितीतरी शब्द होतात, कर, सर, नकल, मन, रस, कमल, पतर. यातले काही खोटे आहेत, ते मुलाला ओळखू द्या, "पतर असं काही असतं का?" हा पण एक खेळच. एकसारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवू नका, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष, ब आणि व, ह्या जोड्यांमधलं एक अगदी पक्कं झालं की मगच दुसरं. आपण मात्र बरेचदा "बघ हा भ आणि हा म, फरक बघ" असं एकत्रच दाखवतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

अक्षर डोळ्यांनी बघण्याबरोबर बोटांनी फिरवायला द्या. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह सुरू केलं, आणि त्यांची खरखरीत कागदाची अक्षरं आजही जगभर वापरतात, मूल त्यावरून बोट फिरवताना तो आवाज तोंडाने म्हणतं. घरी पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर कापून चिकटवा, नाहीतर डिंकाने अक्षर काढून त्यावर वाळू भुरभुरा. ताटात वाळू पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं आणि ताट हलवून पुसायचं, हे तर मुलं कितीही वेळ करतात. जमिनीवर ओल्या ब्रशने भलंमोठं अक्षर, आणि ते वाळायच्या आत त्यावरून चालत जायचं. दिशा तेवढी सुरुवातीपासून बरोबर दाखवा कारण ती सवय नंतर मोडायला कठीण जाते.

काना, मात्रा यांची घाई करू नका. आठ-दहा अक्षरं आवाजासकट पक्की झाली की आधी फक्त काना. एक काठी घ्या, आइस्क्रीमची काडी चालते, क च्या कार्डाशेजारी ती ठेवली की का, उचलली की क. म पुढे ठेवली की मा. मूल स्वतः काडी सरकवतं आणि आवाज बदलतो, ह्यात त्याला जादू केल्यासारखं वाटतं. कान्यानंतर दीर्घ वेलांटी, मग मात्रा. ऱ्हस्व वेलांटी मात्र मुद्दाम उशिरा, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाचा त्यात गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. पाच वर्षांच्या आत बाराखडी पूर्ण झालीच पाहिजे असं काहीही नसतं.

लिहायची घाई नको, हात तयार होऊ दे

इथे मला जरा कळकळीने सांगावंसं वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला ठिपके जोडून पानभर अक्षरं गिरवायला लावणं थांबवा. मुलाचा हात कुठवर आलाय ते त्याच्या रेघांवरून कळतं. साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल बघून गोल काढतं, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या पुढे चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण, कारण तिरकी रेघ सगळ्यात अवघड असते. थोडं पुढेमागे होतंच. आता आपली अक्षरं बघा, गोल, तिरक्या रेघा, गाठी, सगळं एकत्र. ज्या हाताला अजून तिरकी रेघ जमत नाही त्याच्याकडून क्ष गिरवून घेण्यात काय अर्थ आहे?

त्याऐवजी बोटांना कामं द्या. माती किंवा कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं, कागदाचे बारीक तुकडे फाडून चित्रात चिकटवणं, मोठे मणी ओवणं, स्पंज पिळणं, बोथट कात्रीने पट्ट्या कापणं. भिंतीला मोठा कागद चिकटवून उभ्याने रंगवायला दिलं की खांदा आणि मनगट दोन्ही मजबूत होतात. खडू मोडून छोटे तुकडेच द्या, छोटा तुकडा मुठीत धरता येत नाही त्यामुळे बोटांची पकड आपोआप येते, सारखं "असं धर, तसं धर" करावं लागत नाही. मूल डावखुरं असेल तर हात बदलायचा प्रयत्न अजिबात करू नका. आणि अक्षर उलटं काढलं, आरशात दिसतं तसं, तर ते सात वर्षांपर्यंत सगळीकडे दिसतं, आपण शेजारी सुलटं लिहून ठेवायचं, बास.

मोजणं म्हणजे नेमकं काय

1978 मध्ये रॉचेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल ह्या संशोधकांनी मोजण्यामागचे पाच नियम वेगळे करून दाखवले आणि ते वाचल्यावर लक्षात येतं की मूल केवढं मोठं काम करत असतं. प्रत्येक वस्तूला एकच आकडा मिळाला पाहिजे, एकही सुटता कामा नये आणि एकही दोनदा मोजता कामा नये. आकडे दर वेळी त्याच क्रमाने यायला हवेत. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या. मोजायचं काहीही असू शकतं, बटणं, उड्या, आवाज, घरात नसलेली माणसंसुद्धा. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. आपण ज्याला "एक ते शंभर येतात" म्हणतो तो यातला फक्त दुसरा नियम.

सगळ्यात अवघड तिसरा. मूल बोट ठेवत एक, दोन, तीन, चार म्हणतं, आपण विचारतो "मग किती आहेत?" आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. त्याला वाटतं किती म्हणजे मोज. ह्यावर उपाय असा की तुम्ही मोजून दाखवताना आधी किंवा शेवटी एकूण मोठ्याने म्हणा, सगळ्यांभोवती हात फिरवून. "तीन मोजे! एक, दोन, तीन. सगळे मिळून तीन." असं दिवसातून कितीदातरी आपोआप होतं, पायऱ्या चढताना, शर्टाची बटणं लावताना, ताटं मांडताना.

आणि "दे" चा खेळ खेळा. "मला दोन चिमटे दे." कॅरन विन यांनी 1990 मध्ये मुलांना अशाच वस्तू मागून बघितल्या होत्या आणि त्यातून कळलं की मुलं आधी फक्त एक शिकतात, मग काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि त्याच्या पुढे कधीतरी त्यांच्या लक्षात येतं की अरे, मोजून देता येतं, आणि मग पुढचे आकडे भराभर सुटतात. म्हणजे मुलाला दोन मागितले की बरोबर येतात आणि तीन मागितले की मूठभर, तर सध्या तीनवर खेळायचं, दहावर नाही. तुमच्या मुलाचा आत्ताचा आकडा कुठला हे ह्या खेळाने पाच मिनिटांत कळतं.

एकेक वस्तू मोजताना गडबड होत असेल तर बोट ठेवण्याऐवजी वस्तू उचलून दुसऱ्या डब्यात टाकायला सांगा, टणकन आवाज होणारा डबा असेल तर फारच छान, एक आवाज एक आकडा. वस्तू ओळीत लावून मोजणं सोपं, गोलात लावलेल्या मोजणं कठीण कारण कुठून सुरू केलं तेच कळत नाही, म्हणून गोल नंतर, आणि तेव्हा पहिल्या वस्तूवर खूण करायची युक्ती मुलालाच सुचू द्या.

न मोजता ओळखणंही हवं. दोन-तीन वस्तू आपण मोजत नाही, बघितल्या की कळतात. फासे खेळा, बोटं पटकन दाखवून लपवा, वाटीखाली तीन बटणं झाकून क्षणभर उघडा आणि विचारा किती दिसली. तेच तीन कधी ओळीत, कधी त्रिकोणात. मग पाच म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक, हे बोटांवर दाखवा, बेरीज हा शब्द न वापरता बेरीज सुरू झालेली असते.

अजून एक गोष्ट घरी करून बघा. पाच-पाच बटणांच्या दोन ओळी समोरासमोर लावा, मूल म्हणेल दोन्ही सारख्या. आता एका ओळीतली बटणं लांब लांब सरकवा. चार वर्षांची बरीच मुलं म्हणतात लांब ओळीत जास्त आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं होतं. यावर मुलाशी वाद घालून काही होत नाही, "अरे पण मी एकही वाढवलं नाही ना" असं पटवत बसू नका, पुन्हा जवळ सरकवा, जोड्या लावू द्या, आणि सोडून द्या. सहा-सात वर्षांपर्यंत ते आपोआप कळतं.

सोंगट्या-फाश्यांचे खेळ मात्र मनापासून खेळा. गीता रामाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008 मध्ये लहान मुलांबरोबर एक अगदी साधा खेळ खेळून बघितला, सरळ एका ओळीत 1 ते 10 घरं, चकती फिरवली की एक किंवा दोन येणार, तेवढं पुढे जायचं. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, आणि तेवढ्यात मुलांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली, तर तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांना तो फायदा झाला नाही. हा पट घरी खडूने जमिनीवर आखता येतो आणि मूलच सोंगटी होऊन उड्या मारू शकतं. ह्यात एक बारकावा आहे, चारवर उभं असताना दोन पडले तर "एक, दोन" म्हणत जाऊ नका, "पाच, सहा" म्हणा, म्हणजे ज्या घरावर पाय पडतो त्याचाच आकडा तोंडात. सापशिडी लहानांना आवडते पण तिच्यात दर ओळीला दिशा उलटते, तेव्हा आधी सरळ पट आणि साडेपाच-सहानंतर ती.

शून्यासाठी रॉकेट: पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य, आणि उडी. उलटे आकडे म्हणायची सवयही ह्यातच होते.

आकडे लिहिलेले दाखवताना ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं आहेत, १ आणि ९ पण फसवतात, म्हणून तीन पक्का झाल्यावर सहा. घड्याळावर, लिफ्टमध्ये, मोबाईलवर मुलाला इंग्रजी आकडे दिसतात आणि पुस्तकात मराठी, तर एकाच दिवशी दोन्ही नको, जे आकडे त्याला रोज जास्त दिसतात ते आधी घ्या आणि दुसरे दोन-तीन महिन्यांनी. वीसच्या पुढची मराठी नावं खरंच अवघड आहेत, तेवीसमध्ये तीन आधी ऐकू येतात पण लिहिताना दोन आधी येतो, आणि एकोणतीस ऐकून वाटतं हा तिशीतला असेल. शाळेत जायच्या आधी वीसपर्यंत वस्तू नीट मोजता आल्या तर भरपूर झालं.

मोजण्याइतकंच वर्गवारी करणं, क्रम लावणं, नमुने ओळखणं पण गणितच आहे बरं का. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, डब्यांची झाकणं लहान-मोठी लावणं, लाल-निळा-लाल-निळा असे चिमटे लावून पुढचा कुठला विचारणं. वर-खाली, आत-बाहेर, जास्त-कमी, हलकं-जड हे शब्द बोलता बोलता भरपूर वापरा.

किती वेळ, कधी, आणि काय टाळायचं

एका खेळाला पाच-दहा मिनिटं पुरे, मूल उठून गेलं की खेळ संपला. मध्येच बंद झालेला खेळ ते उद्या स्वतः मागतं, ओढून-ताणून लांबवलेला पुन्हा मागत नाही. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव बरं" हे टाळा. चुकलं तर "नाही, चूक" म्हणण्याऐवजी बरोबर शब्द आपल्या वाक्यात घालून परत म्हणा. दुसऱ्या मुलांशी तुलना तर करूच नका, ह्या वयात सहा महिन्यांचं पुढेमागे हे काही मागेपण नसतं. घरी दोन भाषा बोलल्या जात असतील तर दोन्ही भाषांत गोष्टी सांगा, ज्या भाषेत तुम्ही मनापासून बोलता त्या भाषेत जास्त.

शिकवायची ॲप्स वापरायची असतील तर बरोबर बसून आणि थोडीच, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या वर नको आणि त्यापेक्षा कमी तर अजून चांगलं.

मणी, बटणं, बिया हे सगळं तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात देऊ नका, तोंडात गेलं तर घशात अडकतं, त्यांच्यासाठी मोठे ठोकळे, मोजे, डब्यांची झाकणं वापरा. मोठ्या मुलाचा खेळ झाला की वस्तू मोजून डब्यात परत भरायच्या, धाकटं भावंडं रांगत असेल तर हे नक्की करा, आणि छोट्या चपट्या बॅटऱ्या आणि लोहचुंबक तर ह्या खेळांत अजिबातच नकोत.

तीन वर्षांचं झाल्यावरही मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतेक कळत नसेल, हाक मारल्यावर ते वळत नसेल, किंवा चार वर्षांनंतरही आवाजांचे सोपे खेळ अजिबात जमत नसतील तर आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांना कानात पाणी साठून काही काळ कमी ऐकू येतं आणि घरच्यांना वाटतं ते लक्षच देत नाही. तपासणी सोपी असते, दुखत नाही, आणि त्यात काही निघालं तर लवकर कळलेलं फार उपयोगी पडतं.